टाकाऊतून टिकाऊ? आधी बिल दाखवा!



मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका महिला मंडळात 'टाकाऊतून टिकाऊ' अशी स्पर्धा झाली. दोन परीक्षकांपैकी एक मी होते. निकाल लावायच्या आधी मी एवढेच म्हटले की प्रत्येकीने आपल्या वस्तूशेजारी ती करायला लागलेल्या सामानाचे बिल ठेवावे. ज्या वस्तूचे बिल सगळ्यात कमी, तिचा विचार आधी व्हावा. आधी सगळ्या हसल्या. मी गंमत करत नाही हे कळल्यावर चिडल्या. "काकू, कलेत कसले हिशोब?" असे एक सूनबाई म्हणाल्या. दुसऱ्या एकीने मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "बी.कॉम. झालेल्या बाईला परीक्षक करायलाच नको होते."

बी.कॉम. मी १९८१ साली झाले. नोकरी केली नाही, पण घरचा हिशोब चाळीस वर्षे लिहिते आहे आणि तो करताना मला कधी लाज वाटली नाही. तिथे दहा मिनिटांत जे नीट सांगता आले नाही, ते आज इथे सांगते. रागवायचे असेल तर पूर्ण वाचून रागवा.

त्या दिवशी पहिले बक्षीस मिळालेल्या आरतीच्या थाळीचा हिशोब मी तिथेच बसून, करणारीलाच विचारून मांडला. थर्माकोल ४० रुपये, प्लॅस्टिकचे मोती ९०, चकाकी ३०, कुंदन १२०, सोनेरी लेस १४०, गरम डिंकाची बंदूक आणि काड्या १८०. एकूण ६०० रुपये. यात टाकाऊ काय होते? एक जुनी सीडी. म्हणजे घरातली एक निरुपयोगी वस्तू संपवायला आपण सहा नव्या वस्तू घरात आणल्या. त्या सहाही पुढच्या दिवाळीला कचऱ्यात जातील आणि तेव्हा त्या सीडीपेक्षा वाईट कचरा असतील, कारण डिंकाने एकमेकींना चिकटल्यामुळे भंगारवालाही त्या घेणार नाही. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीवर राज्य सरकारने २०१८ सालीच बंदी घातली आहे, ही गोष्ट वेगळीच. बक्षीस काय दिले, तर प्लॅस्टिकचा डबा.

याला मी परिग्रह म्हणते. साधा परिग्रह निदान आपले नाव लपवत नाही. हा परिग्रह अपरिग्रहाचा बिल्ला लावून स्टेजवर बक्षीस घेतो, म्हणून जास्त खटकतो.

आपल्याकडे टाकाऊतून काही करायचा धडा नाही का? आहे, आणि तो आपण रोज डोळ्यांनी पाहतो. मुनिमहाराजांच्या हातातली पिंछी बघा. मोराने आपणहून गाळलेल्या पिसांची ती असते. कोणाकडून हिसकावलेले नाही, कोणाला दुखवलेले नाही, जमिनीवर पडलेले वेचले आणि बांधले. त्या पिसांचे काम काय, तर बसायच्या जागेवरचा बारीक जीव अलगद बाजूला करणे. चातुर्मास संपला की पिंछी-परिवर्तन होते आणि जुनी पिंछी घरी नेण्यासाठी श्रावक व्रत-नियम घेतात. आपल्या धर्मातली इतकी पूज्य वस्तू वेचलेल्या सामानाची आहे. तिला कोणी लेस लावली आहे का?

त्या पिंछीतून मी तीन नियम घेते. सामान आपणहून सुटलेले असावे. त्यासाठी कोणाला मारावे किंवा लुबाडावे लागू नये. आणि केलेल्या वस्तूला काम असावे. या तीन नियमांवर आपल्या स्पर्धेतल्या वस्तू घासून बघा. शिंपल्यांचे तोरण होते. शिंपला म्हणजे एका जिवाचे घर. जुन्या पैठणीच्या रेशमाची फुले होती. रेशमाच्या एका साडीमागे हजारो किडे उकळलेले असतात, आणि साडी जुनी झाली म्हणून तो हिशोब मिटत नाही. भिंतीवर टांगायच्या वस्तू तर सगळ्याच. काम कशालाच नव्हते.

आता आपल्या आज्यांचा हिशोब काढू.

आपल्या वऱ्हाडात कोणी गोधडी म्हणते, कोणी वाकळ. माझ्या सासूबाईंच्या हाताखाली मी ती शिकले. लुगडे आधी नेसण्यात झिजायचे. मधला भाग विरला की दोन्ही टोके जोडून पुन्हा नेसायचे. तेही संपले की त्यातला धड भाग गोधडीच्या वरच्या थराला, विरलेला भाग आतल्या थरांना. धोतराचे पान मध्ये. लहान तुकडे बाळाच्या दुपट्याला. त्याहून लहान तुकडा बरणीला बांधायचा दादरा. त्याहूनही लहान म्हणजे दिव्याची काजळी पुसायची चिंधी. थर जमिनीवर ताणून, चारी कडा दुमडून धावदोरा घालायचा. कडेने सुरुवात करून गोल गोल आत यायचे, म्हणजे कापडाला सुरकुती पडली तरी ती आत आत सरकते आणि मध्यभागी जिरते. विकत काय आणायचे? दोऱ्याचे रीळ. बंगालच्या बाया तर कांथा शिवताना दोराही जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढत.

आपल्याला वाटते ही गरिबांची गोष्ट, आता आपण त्यातून वर आलो. जग काय म्हणते बघा. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बाया अशाच जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. त्याही कडेकडून आत येतात, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले बसवल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. त्या कवंद्या आज परदेशातली माणसे जपून ठेवतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज् बेंड नावाचे खेडे आहे. तिथल्या बायांचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेले. शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या त्यांनी गोधड्या शिवल्या, थंडी वाजत होती म्हणून. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. त्यांपैकी मिसूरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावे, म्हणून. गुडघ्याशी झिजलेले कापड तिने तसेच ठेवले. तिला कोणी 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवले नव्हते.

दूर कशाला जा. आमच्या मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया तुकड्याला तुकडा जोडून जो टाका घालतात, तो आमच्यातल्या एकीलाही येत नाही. आपण मात्र त्यांच्याकडून झोळी घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि तिथून उठून सोनेरी लेस १४० रुपयांना घेतो.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, काकू गोधडीचे कौतुक करतात, ते सगळेच करतात. माझे म्हणणे याच्या पुढे आहे, आणि त्यासाठी पत्राकडे यावे लागेल. कापड आणि पत्र या दोन गोष्टी आपण उगाच वेगळ्या केल्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात जुन्या चिंध्या कुटून, त्यांचा लगदा करून कागद काढत. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, तिथेही सुती चिंध्यांचाच कागद. म्हणजे आजीचे लुगडे झिजून चिंधी झाली, तरी तिच्यावर कोणीतरी पत्र लिहू शकत होते.

पत्र सजवून, हाताने घडवून पाठवणे ही तर आपल्या समाजाची फार जुनी रीत आहे. श्वेतांबर बंधू-भगिनींत विज्ञप्तिपत्र असायचे. पर्युषण झाले की गावातला संघ दूरच्या आचार्यांना क्षमापना कळवायचा आणि पुढच्या चातुर्मासाला या म्हणून विनंती करायचा. हे पत्र म्हणजे हातभर रुंदीसुद्धा नसलेली, पण कित्येक हात लांब अशी कागदाची गुंडाळी. तिच्यावर अष्टमंगल, मातेची स्वप्ने, मग आपल्या गावचे रस्ते, दुकाने, मंदिर यांची चित्रे. म्हणजे महाराजांना दिसावे की आम्ही कुठे राहतो. १६१० साली आग्र्याच्या संघाने विजयसेन सूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. ते उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने रंगवले. त्यात जहांगीर बादशहाचा दरबार आहे, कारण पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याचे त्याचे फर्मान मिळाले होते. त्यांची स्वप्ने चौदा आणि आपली सोळा, एवढ्यावरून ती परंपरा परकी समजू नका.

अमेरिकेत रे जॉन्सन नावाच्या चित्रकाराने १९५० नंतरच्या वर्षांत कागदाचे कपटे जोडून केलेली पत्रे ओळखीच्यांना पाठवायला सुरुवात केली. यात तुमचे काही जोडा आणि परत किंवा पुढे पाठवा, असे तो लिहायचा. त्यातून मेल आर्ट म्हणजे टपालकला म्हणून एक मोठी चळवळ जगभर पसरली. तिच्या प्रदर्शनांचे नियम मला फार आवडतात. शुल्क नाही, परीक्षक नाही, पाठवलेली वस्तू परत मिळणार नाही. बक्षीस नाही म्हणजे चढाओढ नाही. परत मिळणार नाही म्हणजे ते दानच झाले. आपल्या मंडळाला हे नियम अमेरिकेतून शिकावे लागावेत, याचे मात्र वाईट वाटते.

आपल्याकडे आता काय उरले? अनंत चतुर्दशी झाली की मोबाइल वाजायला लागतो. मागे एका वर्षी मी मोजले. क्षमावाणीच्या एका दिवसात मला १४२ संदेश आले. त्यात एकच गुलाबी कमळ आणि 'कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास' हे एकच वाक्य, ३१ जणांकडून. त्या ३१ जणांत एक विमा एजंट होता, एक साडीचे दुकान होते, आणि एक माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या.

आता माझी गोष्ट सांगते. ही सांगितल्याशिवाय दुसऱ्यांवर टीका करायचा मला अधिकार नाही.

सासूबाई २०१३ साली गेल्या. महिन्याभराने कपाटे आवरताना मी त्यांची वाकळ भांडेवालीला दिली आणि झाकणाचा पाच लिटरचा स्टीलचा डबा घेतला. भांडेवालीचा काही दोष नाही, बिचारी उन्हातान्हात डोक्यावर ओझे घेऊन फिरते. दोष माझा. ती वाकळ सासूबाईंनी आणि मोठ्या जाऊबाईंनी मिळून शिवली होती, जाऊबाई लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच वर्षी. तिच्या आतल्या थरात त्यांच्या आईचे लुगडे होते. जाऊबाई तेव्हा अकोल्याला राहायला गेल्या होत्या. त्यांनी वाकळ मागितली तेव्हा मी म्हणाले, "वहिनी, मला काय माहीत त्यात काय होतं? जुनी होती, दिली." त्यानंतर अकरा वर्षे आमचे बोलणे लग्नकार्यापुरते राहिले. दरवर्षी क्षमावाणीला मी त्यांना कमळ पाठवायची, त्या मला कमळ पाठवायच्या.

मला माहीत होते. त्यात कोणाचे लुगडे आहे हे सासूबाईंनी मला दहा वेळा सांगितले होते. 'कळत-नकळत' हे वाक्य मला त्यामुळेच सोयीचे होते. त्यातले 'नकळत' मी माझ्याकडे ठेवायची आणि 'कळत' कोणाकडे तरी जायचे. कमळ पाठवायला अर्धा सेकंद लागतो. अर्धा सेकंदात खोटे सहज पचते.

त्या वर्षी ३१ कमळे मोजली आणि मला स्वतःची शरम वाटली. घरात शोधले. सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा एकच तुकडा शिल्लक होता, तिखटाच्या बरणीचा दादरा. तो धुतला, तिखटाचा डाग काही गेला नाही. एका लग्नपत्रिकेचा आतला कोरा पुठ्ठा कापला, त्यावर दादरा दुमडून कडेने धावदोरा घातला. वाकळ शिवतात तसाच, कडेकडून आत. मध्ये जागा ठेवली आणि लाल दोऱ्याने तीन शब्द शिवले: 'मला माहीत होते'. तीन शब्दांना दोन दुपारी लागल्या. साठी ओलांडलेल्या डोळ्यांनी प्रत्येक अक्षराच्या वेळी तेच तेच वाचावे लागते. 'मा'चा काना उसवून पुन्हा घातला, तेव्हा तर रडूच आले. खोटे बोलायला इतका वेळ मिळाला असता तर मी कदाचित बोललेच नसते.

पाकिटात घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. वजन अठरा ग्रॅम. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट.

नऊ दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला. पहिले वाक्य, "पाकीट फोडलं आणि मला शिंकाच सुटल्या." दुसरे वाक्य, "धावदोरा फार मोठा घातलास. आत्याबाईंनी उसवायला लावला असता." मग बराच वेळ दोघीही गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत होतं, हे मलाही माहीत होतं गं. तू म्हणतेस कधी, याचीच वाट पाहत होते."

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. वाकळ गेली ती गेलीच. त्यांच्या आईचे लुगडे आज कुठल्या गॅरेजमध्ये तेल पुसायला गेले असेल, देव जाणे. पण आता आम्ही बोलतो, आणि बोलताना मला काही लपवावे लागत नाही. हिशोबाच्या भाषेत सांगायचे तर जुनी बाकी वहीत दिसायला लागली. ती फेडणे पुढचे; पण आधी वहीत लिहिली तर पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. टाकाऊ सामानातून काही करायचे असेल तर ते कोणासाठी तरी करा, त्याला काही सांगायला करा, आणि ते हातातून जाऊ द्या. कपाटावर ठेवलेली शोभेची वस्तू म्हणजे आपण आपल्यालाच दिलेले बक्षीस. आणि क्षमा मागायची असेल तर ती हाताने मागा. जिला दुखावले तिच्यासाठी दोन दुपारी देता येत नसतील, तर उत्तम क्षमा हा शब्द आपण निदान पूजेपुरता ठेवू.

यावर जे आक्षेप येतात तेही ऐकले आहेत. एकेक घेते.

"वापरलेले कापड अशुद्ध असते." मंदिरासाठी, ग्रंथाच्या वेष्टनासाठी ते वापरू नये, हे मलाही मान्य आहे. माझे माहेर कारंज्याचे. तिथल्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही मंदिरांचे नाव ग्रंथभांडारांसाठी आहे. वेष्टनात बांधलेल्या त्या हस्तलिखितांतूनच डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० नंतरच्या वर्षांत अपभ्रंश भाषेतले ग्रंथ छापून जगापुढे आणले. जिनवाणीला कोरे, स्वच्छ कापडच हवे. पण आपण पत्र माणसाला पाठवतो आहोत. माणसाला आपल्या माणसाच्या अंगावरचे कापड अशुद्ध कसे वाटेल?

"पत्रिका कापायच्या कशा? त्यावर भगवंतांचे चित्र असते." हा आक्षेप खरा आहे आणि मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो. आपण लग्नाच्या, वास्तूच्या, वाढदिवसाच्यासुद्धा पत्रिकेवर जिनप्रतिमा छापतो. मग ती पत्रिका रद्दीत घालता येत नाही, कापता येत नाही, जाळता येत नाही. कोणी गुपचूप मंदिराच्या पायरीवर ठेवून जाते, कोणी नदीत सोडते. शाई, चकाकी, प्लॅस्टिकचे आवरण सगळे पाण्यातल्या जिवांच्या अंगावर. ज्यांना आपण वीतराग म्हणतो त्यांचे चित्र आपण जेवणावळीच्या निमंत्रणावर छापतो आणि मग अविनय होऊ नये म्हणून घाबरत फिरतो. अविनय छापतानाच झाला. यापुढे घरात कार्य असेल त्या प्रत्येकीने छापखान्यात सांगावे: वर स्वस्तिक नको, चित्र नको, 'श्री' पुरे, एका बाजूने कोरा असलेला साधा कागद द्या. म्हणजे तो कागद पुढे कोणाच्या तरी कामी येईल. ज्या पत्रिकांवर चित्र आहे त्यांना मी कात्री लावत नाही, तुम्हीही लावू नका. माझ्याकडे अशांचा एक पूर्ण ट्रंक साठला आहे. परिग्रहच तो.

"घरात सुती कापड राहिलेच कुठे?" हेही खरे, आणि हा आरसा आहे. आपल्या कपाटात साड्या दुप्पट-तिप्पट झाल्या आणि सुती एकही नाही. पॉलिएस्टरवर सुई घसरते, घाम शोषला जात नाही, ते मातीत मिसळत नाही. कापसाच्या मुलखात राहून आपल्याला सुती चिंधी शोधावी लागते! तरी सापडते. नवऱ्याचे जुने बनियन, पिठाची कापडी पिशवी, नातवाचे लंगोट, जुन्या परकराचा नेफा. शोधायला लागाल तेव्हा कळेल की घरात काय काय उगाच पडून आहे.

"डोळे साथ देत नाहीत, वेळ नाही." मोठी अक्षरे शिवा, दिवसाउजेडी शिवा. एकच शब्द शिवा. ज्यांना सुई नकोच, त्यांनी पन्नास पैशांचे पोस्टकार्ड घ्यावे. १८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड आले ते पाव आण्याला. आजही त्याच्याइतके स्वस्त काही नाही. माझ्या वडिलांच्या दुकानात आलेली पत्रे तारेत ओवून ठेवलेली असत. वर्षाच्या शेवटी ती तार म्हणजे सगळ्या नात्यांचा जमाखर्च होता. मोबाइलमधली कमळे भरली की आपण 'सगळे पुसा' दाबतो.

"टपालाला वेळ लागतो, हरवते." माझे नऊ दिवसांनी पोचल्याचे कळले. भांडण अकरा वर्षांचे होते. देशात दीड लाखांहून जास्त टपालघरे आहेत, त्यातली बहुतेक खेड्यांत. आपण पत्रे लिहिली नाहीत तर ती कशासाठी चालतील?

ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी, अनुभवाच्या. पाकिटाच्या आत मावेल असा तळहातापेक्षा थोडा मोठा पुठ्ठा घ्यावा. कापड दोन थरांपेक्षा जास्त नको, पाकीट फुगले की ते शिक्का मारताना फाटते. बटण, आरसा, टिकल्या लावू नका, त्याच कारणाने. चिकटवायचेच असेल तर बाजारचा सरस नको, तो हाडा-कातड्यांचा असू शकतो. कणकेची खळ करावी, ताजी, आणि त्याच दिवशी संपवावी. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरू नका, का ते तुम्हाला सांगायला नको. खळीच्या कागदाला पुढे कसरही लागते. त्यापेक्षा शिवणे बरे. आणि मजकुरात 'कळत-नकळत' लिहायचे नाही. काय केले ते लिहायचे.

पुढच्या वर्षी मंडळाने मला परीक्षक करू नये, करणारही नाहीत. पण स्पर्धाच घ्यायची असेल तर अशी घ्या. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत प्रत्येकीने घरातल्या घरात सापडलेल्या सामानाचे एक पत्र करावे. बाजारातून फक्त तिकीट आणावे. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून पेटीत टाकावे. कोणी कोणाला काय लिहिले ते विचारायचे नाही. प्रदर्शन नाही, फोटो नाही, बक्षीस नाही. हिशोब फक्त एवढाच: पत्र गेले की नाही.

माझे या वर्षीचे पत्र तयार होते आहे. ज्या सूनबाईंनी "कलेत कसले हिशोब" म्हटले त्यांनाच ते जाणार आहे. त्यांच्या थाळीचा हिशोब मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, त्या खाली मान घालून बसल्या होत्या. हिशोब बरोबर होता, पण तो मला त्यांच्याजवळ बसून हळू सांगता आला असता. तेही मला तेव्हा माहीत होते.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.